हरवलेल्या भावाला आणायला कोण गेलं?

हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता, तांदूळ निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. घरात पोरं असतील तर त्यांनाही जवळ बसवा, कारण आजचं बोलणं त्यांच्याच एका प्रश्नातून निघालंय.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक लांबली. पोरं कंटाळली, म्हणून एका आजींनी त्यांना गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. राक्षस येतो, घरातल्या एकाला उचलून नेतो आणि त्याचं दगडात रूपांतर करतो. धाकटं भावंड त्याला शोधायला निघतं. सात समुद्र ओलांडतं. राक्षसाचा जीव पोपटात असतो, पोपट पिंजऱ्यात आणि पिंजरा घनदाट रानात. पोपटाची मान मुरगळली की राक्षस मरतो आणि दगड झालेली माणसं पुन्हा उठून बसतात. पोरं गप्प होऊन ऐकत होती. गोष्ट संपली तशी एक सात-आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "आजी, हे खरं झालंय का कुठं? आपल्याकडं?"

आजी हसल्या. आम्हीही हसलो. पण तो प्रश्न मनातून जाईना. त्याचंच उत्तर आज द्यायचंय. पोपट आणि राक्षस सोडले, तर असं खरंच घडलंय, आणि एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा त्याची वाट आपल्याच मुलखातून गेली आहे.

आधी त्या गोष्टीविषयी थोडं. ही गोष्ट किती जुनी आहे, याचा एक पुरावा छापील आहे. १८६५-६६च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दक्षिणेकडच्या मराठी मुलखात दौऱ्यावर होते. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती आणि तिच्या सोबतीला ॲना लिबेराता डिसूझा नावाची आया होती. लांबच्या प्रवासात ॲनाबाईंनी आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या. मेरीने त्या लिहून घेतल्या आणि १८६८ साली लंडनमध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पहिलीच गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची. तो एका राजकन्येला पळवतो आणि तिला सोडवायला आलेल्यांचे दगड करतो. शेवटी तिचा मुलगा माळणीच्या मुलीचा वेश घेऊन आत शिरतो. जादूगाराचा जीव हिरव्या पोपटात आहे, हे त्याला कळतं आणि तो सगळ्यांना सोडवतो.

म्हणजे बघा, गोष्ट सांगणारी एक नोकरी करणारी बाई आणि तिला ती देणारी तिची आजी. दीडशे वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट पुस्तकात आहे, आणि त्याआधी किती पिढ्या ती चुलीपुढं होती, कोण मोजणार! त्या गोष्टीतल्या दोन खुणा लक्षात ठेवा. एक म्हणजे वेश बदलणं. दुसरी म्हणजे जीव कुठं अडकलाय ते ओळखणं. खऱ्या इतिहासात या दोन्ही आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

आता पहिली खरी हकीकत. ती घडली राजगडावर.

शंभूराजांचा जन्म १४ मे १६५७चा, पुरंदरावरचा. आई सईबाई आजारी होत्या, बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ पुढे आल्या. कापूरहोळ म्हणजे आपल्या भोर तालुक्यातलं, सातारा रस्त्यावरचं गाव. तिथल्या गाडे पाटलांच्या घरातली ही बाई. तिने स्वतःच्या लेकरांबरोबर शंभूराजांना दूध पाजलं. पोर दोन वर्षांचं होतं न होतं तोच, ५ सप्टेंबर १६५९ रोजी, सईबाई राजगडावर वारल्या. पायथ्याच्या पाल गावात त्यांची समाधी दाखवतात. कधी त्या वाटेने गेलात तर थांबून फूल ठेवा. पुढे पोराला वाढवलं ते आजीने, जिजाबाईंनी.

१६६५ साली पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा उरले. उरलेल्यांत आपले राजगड आणि तोरणा होते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये शिवाजी महाराज राजगडाहून आग्र्याला निघाले आणि शंभूराजांना बरोबर घेतलं. पोराचं वय जेमतेम नऊ. मागे राज्याचा कारभार जिजाबाईंच्या नजरेखाली चालला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बादशहाच्या दरबारात १२ मे रोजी अपमान झाला, मग पहारे बसले आणि १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज तिथून निसटले. पेटाऱ्यांची गोष्ट शाळेतल्या पोरांना पाठ असते.

पण त्यानंतर काय झालं, ते कमी सांगितलं जातं. चहूकडे शोध सुरू झाला होता. शिपाई शोधत होते ते एका बापाला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला. दोघं बरोबर राहिले असते, तर मुलावरून बाप ओळखला गेला असता आणि बापावरून मुलगा. म्हणून महाराजांनी काळजावर दगड ठेवला. शंभूराजांना मथुरेत मोरोपंत पेशव्यांच्या नात्यातल्या घरी ठेवलं आणि ते स्वतः पुढे निघाले. कृष्णाजी, काशी आणि विसाजी त्रिमल अशी त्या घरातल्या भावांची नावं.

आयांनो, क्षणभर विचार करा. परका मुलूख, परकी भाषा. बाप निघून गेलेला. ज्या घरात राहायचं तिथे खरं नाव उच्चारायचं नाही. नऊ वर्षांच्या पोराने हे पाळलं. आपल्या घरातलं नऊ वर्षांचं पोर एक गुपित संध्याकाळपर्यंत तरी ठेवतं का?

महाराज राजगडावर पोचले. बरोबर मुलगा नव्हता. आणि मग बातमी पसरली, की शंभूराजे वाटेतच वारले. गडावर त्यांची उत्तरक्रियाही केली, असं सांगतात. ती बातमी खोटी होती आणि ती मुद्दाम पसरवलेली होती. कारण साधं आहे. मेलेल्या मुलाला कोण शोधतं? बातमी पसरली की शोध थंडावणार. चौकीवरचा शिपाई नऊ वर्षांच्या पोराकडे दोनदा बघणार नाही. मग त्याला आणता येईल. गोष्टीतल्या भाषेत सांगायचं, तर पोपटाचा पिंजरा कुठं आहे, हेच शत्रूला विसरायला लावलं.

शंभूराजांना तीन सख्ख्या बहिणी होत्या. सखूबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई. भाऊ गेल्याची बातमी त्यांच्या कानावर कशी पडली असेल? खरं काय ते त्यांना कुणी सांगितलं असेल का? बखरी लिहिणाऱ्यांनी गड लिहिले, मोहिमा लिहिल्या, बक्षिसं लिहिली. घरातलं रडणं लिहिलं नाही. आम्ही त्यात पदरचं काही घालणार नाही. पण एवढं नक्की, की गुपित राखायचं तर दुःखही खरं दिसायला लागतं, आणि ते ओझं घरातल्या बायकांच्याच डोक्यावर आलं असणार.

पुढे मथुरेहून ते भाऊ निघाले. शंभूराजांना ब्राह्मणाच्या मुलाचा वेश दिला होता. वाटेत एका ठिकाणी पहारेकऱ्याला शंका आली. मुलगा तुमचाच असेल तर त्याच्याबरोबर एका पानात जेवून दाखवा, असं तो म्हणाला. त्या काळी जातीची बंधनं किती कडक होती, हे आपल्याला ठाऊक आहे. बरोबरच्या ब्राह्मणाने क्षणाचाही विचार न करता पोराला जवळ घेतलं आणि एका पानात जेवला. शंका फिटली, वाट मोकळी झाली. ही हकीकत परंपरेने चालत आलेली आहे. आम्हाला ती सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते. तिथे तलवार उपसली नाही की कुणाचं रक्त सांडलं नाही. एका माणसाने लेकराचा जीव आपल्या सोवळ्यापेक्षा मोठा मानला, एवढंच.

शंभूराजे सुखरूप राजगडावर पोचले. मथुरेच्या त्या भावांना मोठं बक्षीस मिळालं आणि विश्वासराव हा किताब मिळाला. किताबाचं नावच बघा. पराक्रमराव नाही, विश्वासराव.

या सगळ्या काळाच्या नोंदी आपल्याकडे कशा आल्या, तेही सांगायला हवं. त्यांतली एक मोठी नोंद म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात ती जपलेली होती आणि पुढे लोकमान्य टिळकांनी ती छापली. कारी म्हणजे भोर तालुक्यातलंच गाव. एखाद्या घरात फडक्यात बांधून ठेवलेले जुने कागद किती मोलाचे असतात, हे यावरून समजावं. माळा झाडताना जुने कागद चुलीत घालू नका, एवढी विनंती आहे.

आता दुसरी हकीकत. ही मात्र थेट भावाची आहे.

१६८९ साली संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला. महाराणी येसूबाई, सात वर्षांचे शाहू आणि शाहूंचा सावत्र भाऊ मदनसिंग कैदेत पडले. बादशहाची छावणी जिथे जाईल तिथे ही माणसं जायची. अठरा वर्षं असं चाललं. या काळात सात वर्षांचा पोरगा पंचवीस वर्षांचा होतो, लग्न होतं, पण अंगणाबाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. छावणीत बादशहाची मुलगी झीनत-उन्-निसा हिने या मायलेकरांना मायेने सांभाळलं, असं इतिहास सांगतो. राक्षसाच्या वाड्यातही एखादी दयाळू बाई असते, हे गोष्टीत येतं. इथं ते खरं झालं.

१६८९ ते १७०७ हा काळ आपल्या मुलखानेही सोसला. १७०४ साली औरंगजेबाने राजगड आणि तोरणा घेतले. ते परत मिळवणाऱ्यांत शंकराजी नारायण सचिव होते. भोर संस्थानाचे ते मूळ पुरुष.

१७०७ साली औरंगजेब वारला आणि शाहूंची सुटका झाली. पण पूर्ण सुटका नव्हे. शाहू एकटे सुटले. आई येसूबाई आणि भाऊ मदनसिंग यांना मोगलांनी ओलीस ठेवलं. शाहूंनी मनाविरुद्ध वागलं, तर ही माणसं आपल्या हातात आहेत, असा तो हिशेब. राक्षसाने पोपट जपावा तसा मोगलांनी हा ओलीस जपला.

शाहू राजे झाले. गादी मिळाली, वाडा मिळाला. पण आई आणि भाऊ दिल्लीत. गोष्टीतला भाऊ असता तर त्याच रात्री घोड्यावर बसून निघाला असता. शाहूंना तसं करता येत नव्हतं. घरातच ताराबाईंशी वाद होता, सरदार फुटलेले होते, तिजोरी रिकामी होती. त्यांना बारा वर्षं थांबावं लागलं. पण ते विसरले नाहीत. दिल्लीशी जेव्हा बोलणी झाली, तेव्हा चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदांबरोबर आणखी एक मागणी ठेवली, माझी माणसं परत द्या.

१७१८च्या अखेरीस पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर फौज घेऊन दिल्लीला निघाले. १७१९च्या फेब्रुवारीत दिल्लीत गादीवरून मोठी दंगल उसळली. गल्लीबोळात मराठ्यांची माणसं अडकली आणि एका दिवसात हजारावर माणूस मेला. नाना फडणविसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू तिथेच पडले. पण सनदा मिळाल्या आणि माणसंही मिळाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात येसूबाई आणि मदनसिंग साताऱ्याला पोचले.

मैत्रिणींनो, येसूबाई कैदेत गेल्या तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. परत आल्या तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि छत्रपती होता. बारा वर्षांपूर्वी ज्याला निरोप दिला, त्याला कपाळावरच्या रेषांवरून नव्याने ओळखावं लागलं असेल. तीस वर्षांचा हिशेब मांडायला कुठली सनद पुरी पडणार?

तिसरी हकीकत अगदी भोरची आहे आणि ती लहान आहे, पण आमच्या मनात घर करून बसली आहे.

शंकराजी नारायणांनी ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. शाहू परत आल्यावर त्यांनी शंकराजींना बोलावलं. इकडे खरा वारस, तिकडे दिलेला शब्द. शंकराजींना मार्ग सुचेना. त्यांनी आंबवड्याला जलसमाधी घेतली. नागेश्वराच्या देवळाकडे जाताना आपण जो झुलता पूल ओलांडतो, त्याच गावात त्यांची समाधी आहे. मागे राहिलं लहानगं पोर, नारो शंकर. शाहूंनी त्या पोराला सचिवपदाची वस्त्रं दिली. पोराला काय कळतंय पदाचं!

त्या धामधुमीत हिंगणगावचा दमाजी थोरात कुणाचंच ऐकत नव्हता. त्याने बेलभंडाऱ्याची शपथ घेऊन बाळाजी विश्वनाथांना भेटीला बोलावलं आणि कैद केलं. शपथेचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, बेल हे झाडाचं पान आणि भंडारा रोजच्या खाण्यातली हळद, त्यात काय मोठं, असं सांगतात. बाळाजीपंत दंड भरून सुटले. पुढे भोरचे हे बालसचिवच दमाजीच्या तावडीत सापडले.

आता अडचण अशी होती, की दमाजीवर चाल केली तर पोराच्या जिवाला धोका. म्हणून बाळाजी विश्वनाथांनी आधी बोलणी केली, पोर सोडवलं आणि मगच दमाजीचा बंदोबस्त केला. क्रम बघा. आधी लेकरू, मग लढाई. मुलाच्या आईने त्या उपकाराच्या बदल्यात पुरंदर किल्ला बाळाजीपंतांना दिला. नवरा पाण्यात गेलेला, मूल शत्रूच्या घरात. त्या बाईने किल्ला आणि लेकरू तराजूत घातलं तेव्हा तिला क्षणभरही अडखळायला झालं नसेल. पुढे हाच किल्ला पेशव्यांच्या मोठ्या आधाराचा झाला. इतिहासाच्या पुस्तकात लिहितात, पेशव्यांना पुरंदर मिळाला. आमच्या लेखी ती एका आईने लेकरासाठी मोजलेली किंमत आहे.

तर ही झाली तीन खरी हरवाहरवी. आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आजीच्या गोष्टीत आणि या हकीकतींत फरक काय?

गोष्टीत एक शूर पोर निघतं आणि एकट्याच्या बळावर सगळ्यांना सोडवतं. खऱ्या इतिहासात एकट्याने कुणाला सोडवलं, असं आम्हाला एकदाही दिसलं नाही. शंभूराजांच्या मागे मथुरेचं एक घर होतं, वाटेत एका पानात जेवणारा माणूस होता, घरी गुपित राखणारी आजी होती आणि मुळात दूध पाजणाऱ्या धाराऊ होत्या. आग्र्याला मागे राहिलेले रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर पकडले गेले, त्यांनी हाल सोसले. मदनसिंगाच्या मागे बारा वर्षांचा धीर होता आणि दिल्लीच्या गल्लीत पडलेली माणसं होती. बालसचिवाच्या मागे आई होती आणि किल्ला होता.

पण म्हणून आजीची गोष्ट खोटी ठरत नाही. ती पोराला हे शिकवते, की हरवलेलं माणूस विसरायचं नसतं, दगड झालेलंही परत उठतं. इतिहास त्यात एवढीच भर घालतो, की त्यासाठी बरेच हात लागतात. आपल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्यांतही भाऊ पुन्हा पुन्हा येतो. मुळशी, वेल्हे, भोरच्या गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ यांनी बायांबरोबर बसून अशा हजारो ओव्या गोळा केल्या. त्यांतली बहीण भावाची वाट बघते, त्याच्या वाटेवरचे काटे मोजते. तिच्या हातात तलवार नव्हती, पण विसरणं तिला मान्य नव्हतं.

जाता जाता आजच्या काळाचं एक सांगून ठेवतो. पोरं आजही हरवतात. मेंगाईच्या जत्रेत हात सुटतो, स्वारगेटच्या गर्दीत चुकामूक होते, कामासाठी शहरात नेलेलं पोर परत येत नाही. तेव्हा लक्षात ठेवा. मूल हरवलं तर चोवीस तास थांबायचं, असा कुठलाही नियम नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच हवा, असा सुप्रीम कोर्टाचा २०१३चा आदेश आहे. लहान मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक १०९८ आहे, तो चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पोलिसांसाठी ११२. मुलाचा अलीकडचा फोटो घरात हवा. आणि पोराला स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि एक फोन नंबर पाठ हवा. मथुरेत शंभूराजांना नाव लपवावं लागलं, आपल्या पोरांना नाव सांगता आलं पाहिजे.

एकटीने धावपळ करू नका. गटाला सांगा. दहा जणी मिळून पोलीस ठाण्यात गेल्या, तर कुणी दारातून परत पाठवत नाही.

आज रात्री पोरांना गोष्ट सांगा. राक्षसाची सांगा, पोपटाची सांगा. ती संपली की म्हणा, आता खरी ऐक. समोर डोंगरावर दिसतोय ना, तो राजगड. तिथं एकदा एक नऊ वर्षांचा मुलगा परत आला होता.

आणि त्या मुलीने विचारलंच, आणायला कोण गेलं होतं, तर सांगा, पुष्कळ जणं गेली होती बाळा, म्हणून तर तो आला.

पुढच्या वेळी भेटूच. रामराम.